खोली बदलली, माणूस तोच

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हे काही स्नेह्यांना आगाऊपणाचे वाटेल. 'तुम्ही संतसाहित्यावर लिहा, फार तर ग्रामीण कथेवर लिहा. यंत्रांचे आमच्यावर सोपवा', असे विज्ञानशाखेतले मित्र म्हणतील. त्यांचा पूर्ण मान राखून मला एवढेच म्हणायचे आहे की, यंत्र कसे चालते हा प्रश्न त्यांचा असेल. पण एकाच यंत्रात शंभर माणसे एकमेकांशेजारी कशी नांदतात, हा प्रश्न आपला आहे. तो समाजशास्त्राचा आहे, नीतिशास्त्राचा आहे आणि थोडासा व्याकरणाचाही आहे. म्हणून हा उपद्व्याप.

या लेखाचा विषय तसा अगदी लहान आहे. पूर्वीच्या मोठ्या, सामाईक संगणकांवर एका डिरेक्टरीतून दुसऱ्या डिरेक्टरीत जाण्यासाठी एक आज्ञा टंकावी लागे. एक शब्द आणि पुढे जागेचे नाव, बस्स! पण त्या यंत्रांच्या जुन्या माहितीपुस्तिका आणि त्यांच्या कर्त्यांनी लिहिलेले लेख मी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, या एका शब्दापाशी प्रत्येक यंत्राच्या कर्त्यांना थांबून विचार करावा लागला होता. कुणाला कुणाच्या दारातून आत जाऊ द्यायचे? आत गेल्यावर त्याला काय करू द्यायचे? आणि आत जो गेला तो कोण, हे कसे ओळखायचे? या प्रश्नांची त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतले एक उत्तर मला बरोबर वाटते आणि आज आपण सगळे नेमके त्याच्या उलट वागत आहोत, असेही वाटते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम ती यंत्रे कशी होती ते पाहू. आज प्रत्येकाच्या खिशात एक संगणक असतो. तेव्हा एका संस्थेत एकच असे आणि तो एक मोठे दालन व्यापून बसे. त्याला जोडलेल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलांवर अनेक माणसे एकाच वेळी काम करीत. पंगतीत वाढपी एकच असतो. पण तो चपळ असला की प्रत्येकाला वाटते, हा माझ्याच पानाकडे पाहतो आहे. हे यंत्रही तसेच क्षणभर याचे, क्षणभर त्याचे काम करी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा पद्धतीचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले. त्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. आपल्याकडेही मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात डेकसिस्टिम-१० हे याच कुळातले यंत्र होते. त्यावरच्या टॉप्स-१० या व्यवस्थेत प्रत्येकाच्या जागेला नाव नसे, दोन आकड्यांची जोडी असे: पहिला आकडा प्रकल्पाचा, दुसरा माणसाचा. घर क्रमांक अमुक, बिऱ्हाड क्रमांक तमुक, अशातलाच प्रकार.

एका यंत्रात अनेकांचे कागद आले की ते वेगवेगळे ठेवावे लागतात. म्हणून प्रत्येकाला एक डिरेक्टरी. पारिभाषिक कोशात तिला 'निर्देशिका' म्हटले आहे; मी सरळ 'खोली' म्हणणार आहे. कारण माणूस डिरेक्टरी नुसती वापरत नाही, तो तिच्यात उभा असतो. यंत्राच्या दृष्टीने तुम्ही कोणत्याही क्षणी कोणत्या ना कोणत्या खोलीत असताच. आणि कुठे उभे आहात यावर तुमच्या शब्दाचा अर्थ ठरतो. आपल्याकडे घरोघरी एक 'ताई' असते. नुसते 'ताई' म्हणून हाक मारली की ज्या घरात आपण उभे असू त्या घरातली ताई ओ देते. शेजारच्या घरात जाऊन तीच हाक मारली तर दुसरीच बाहेर येईल. संगणकातही तसेच. 'पत्र' नावाचा कागद दाखव म्हटले, की तुम्ही ज्या खोलीत असाल तिथले 'पत्र' तो दाखवील; आणि 'पत्र' पुसून टाक म्हटले, तर तिथलेच पुसून टाकील! शब्द तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. व्याकरणाचा संबंध मी म्हटला तो हा.

आता पहिली गोष्ट. ती सीटीएसएस यंत्रावरची, १९६० च्या दशकातली. कॉर्बाटोंना १९९० चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी स्वतः ती सांगितली. एका दुपारी, यंत्रावर जो कोणी कामाला बसे त्याच्यासमोर नेहमीच्या दैनिक सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांची नावे आणि त्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. चोर नव्हता, कट नव्हता. झाले होते ते असे: मजकूर दुरुस्त करण्याचा जो प्रोग्रॅम होता, तो काम चालू असताना एक तात्पुरता कागद तयार करी आणि त्याचे नाव नेहमी ठरलेले असे. एका खोलीत एका वेळी एकच माणूस असणार, हे गृहीत धरून त्याची रचना केलेली होती. पण व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना सोयीसाठी एकाच खोलीतून एकाच वेळी काम करण्याची मुभा पुढे देण्यात आली. त्यांतला एक जण दैनिक सूचना दुरुस्त करीत होता, दुसरा पासवर्डांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या कागदाचे नाव एकच. कागदांची अदलाबदल झाली आणि गुपित फळ्यावर लागले.

मला या गोष्टीतला विनोद आवडतो, पण त्याहून तिचे मर्म महत्त्वाचे वाटते. दोन माणसे एका खोलीत असणे ही आपत्ती नव्हे. आपली निम्मी घरे एका खोलीत नांदली आहेत. आपत्ती अशी की, खोलीत दोन माणसे आहेत हे त्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी खोली म्हणजेच माणूस. 'कुठे' आणि 'कोण' हे दोन प्रश्न त्याने एकच मानले होते.

हे दोन प्रश्न वेगळे करण्याचा प्रयत्न पुढच्या यंत्रांवर झाला. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकन कंपनीने पीडीपी-१० यंत्रासाठी टेनेक्स नावाची व्यवस्था लिहिली आणि तिच्यावरूनच डिजिटल इक्विपमेंट कंपनीची टॉप्स-२० ही व्यवस्था १९७६ साली बाजारात आली. या कुळात तुमची दोन ठिकाणे असत. ज्या नावाने यंत्रावर आलात ते तुमचे मूळ घर. आणि 'कनेक्ट' ही आज्ञा देऊन जिथे गेलात ती सध्याची खोली. 'कनेक्ट' म्हणून पुढे दुसऱ्याच्या खोलीचे नाव लिहायचे. यंत्र त्या खोलीचा पासवर्ड विचारी. तो बरोबर दिला की आत प्रवेश. माणसाचे मूळ नाव कायम राहून त्याची जागा तेवढी बदले. सोय मोठी सुबक होती. पण एक गोम होती. आत गेल्यावर तुम्ही त्या खोलीचे जणू मालकच होत असा. तिथले वाचा, लिहा, पुसा! गटागटाने परवानगी देण्याचीही सोय होती हे खरे. पण पासवर्ड घेऊन येणाऱ्याला दारात कुणी 'आपण कोण?' असे विचारीत नव्हते. फक्त 'किल्ली आहे का?' एवढेच विचारीत होते.

आणि किल्ली किती भरवशाची? हीच दुसरी गोष्ट. बटलर लॅम्पसन या नामांकित संगणकतज्ज्ञांनी १९८३ सालच्या एका निबंधात ती नोंदवून ठेवली आहे. टेनेक्सवर पासवर्ड चुकला तर यंत्र तीन सेकंद थांबून मग नकार देई. हेतू असा की, कुणी भराभर अंदाज करू नयेत. पासवर्ड आठ अक्षरांचा आणि प्रत्येक जागी १२८ चिन्हांपैकी कोणतेही एक, असे धरले तर सरासरी निम्म्या शक्यता तपासाव्या लागतील आणि तीन-तीन सेकंदांच्या हिशेबाने त्याला सुमारे ३४० कोटी वर्षे लागतील. बंदोबस्त चोख! पण 'कनेक्ट'चा दारवान पासवर्ड तपासताना एकेक अक्षर क्रमाने वाचीत जाई; आणि यंत्राच्या स्मृतीचे जे 'पान' अस्तित्वातच नाही ते वाचायची वेळ आली, तर तसे वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला कळवी. एका चतुराने काय करावे? पासवर्डचे पहिले अक्षर एका पानाच्या अगदी शेवटी लिहिले आणि पुढचे पान दिलेच नाही. अक्षर चुकीचे असेल तर दारवान तिथेच थांबून, तीन सेकंदांनी 'चूक' म्हणतो. अक्षर बरोबर असेल तर तो पुढचे वाचायला पान उलटू पाहतो आणि ओरडतो, 'अहो, पुढचे पान कुठे आहे?' झाले! पहिले अक्षर कळले. मग पहिली दोन अक्षरे पानाच्या शेवटी लिहायची आणि दुसरे शोधायचे. असे एकेक करीत आठ अक्षरांना सरासरी ५१२ प्रयत्न पुरतात. ३४० कोटी वर्षांचे काम अर्ध्या तासाच्या आत!

दारवान लबाड नव्हता. तो फार प्रामाणिक होता, म्हणून तर फसला. पण मुद्दा केवळ तांत्रिक चुकीचा नाही. अशी चूक दुरुस्त करता येते. मुद्दा असा की, किल्ली एकदा बाहेर पडली की तिच्यावर मालकाचा अंमल उरत नाही. ती एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला दाखवली, तरी कुलपाला पत्ता नाही. किल्ली अर्धी देता येत नाही: 'आत जा, वाच, पण काही हलवू नकोस' असे किल्लीला सांगता येत नाही. आणि एकाकडून ती काढून घ्यायची तर कुलूपच बदलावे लागते आणि उरलेल्या सगळ्यांना नवी किल्ली वाटीत फिरावे लागते.

तिसरे उत्तर मल्टिक्स या व्यवस्थेचे. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून तिची योजना १९६५ साली जाहीर केली. काम रेंगाळले, बेल प्रयोगशाळा १९६९ साली बाहेर पडली, थट्टाही पुष्कळ झाली. तरी ती उभी राहिली आणि तिचे शेवटचे यंत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी, तिच्या आत आणखी एक, असा आज सर्वांच्या परिचयाचा जो फांद्याफांद्यांचा वृक्ष, तो मल्टिक्सने रूढ केला. या वृक्षात कुठेही जाण्यासाठी एक आज्ञा होती. खाली जाण्याची खूण एका दिशेचा बाण, वर येण्याची उलट दिशेचा. पण मल्टिक्सची खरी थोरवी मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. तिथे एखाद्या खोलीत जाऊन उभे राहिल्याने तुम्हाला कोणताही नवा हक्क मिळत नसे! तुमची जागा बदले, तुमच्या शब्दांचा अर्थ बदले; पण तुम्ही मात्र तुम्हीच राहत असा. प्रत्येक कागदाला आणि प्रत्येक खोलीला एक यादी जोडलेली असे: कोणाला काय करता येईल याची. यादीत माणसाचे नाव आणि तो ज्या प्रकल्पातर्फे आला त्याचे नाव असे. म्हणजे इतिहास विभागातर्फे आलेल्या पाटलांना हा कागद वाचता येईल, पण तेच पाटील नाट्यमंडळातर्फे आले तर येणार नाही, इतका बारकावा.

कागदासाठी वाचणे, चालवणे आणि लिहिणे हे हक्क वेगवेगळे. खोलीसाठी आत काय आहे ते पाहणे, त्यात फेरफार करणे आणि नवीन भर घालणे, हेही वेगवेगळे. त्यांतला केवळ भर घालण्याचा हक्क मला विशेष आवडतो. टपालपेटी जशी: पत्र कुणीही टाकावे, काढता मात्र कुणाला येऊ नये. विश्वासाला इतक्या छटा असतात, हे एका यंत्राने मान्य केले होते. आपण माणसे पुष्कळदा 'विश्वास आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच गोष्टी जाणतो. जुन्या वाड्याला मात्र ही समज होती. ओसरीवर कुणीही टेकावे, माजघरात आपली माणसे, आणि कोठीच्या खोलीत जिच्या हाती घर आहे ती. पाहुण्याला ओसरी दिली याचा अर्थ त्याला कोठी दिली असा होत नाही आणि कोठी दिली नाही याचा अर्थ त्याचा अपमान केला असाही होत नाही.

या यादीच्या पद्धतीवर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही उजव्या-डाव्या बाजूंनी जोरदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, मुळात कुलपे हवीतच कशाला? हा आक्षेप नुसता बोलून दाखवला गेला नाही, तो यंत्रात बांधून दाखवला गेला. एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयटीएस नावाची व्यवस्था लिहिली गेली. तिच्यात सुरुवातीला पासवर्डच नव्हते. कुणीही कुणाच्याही खोलीत जावे, कागद वाचावा, चूक दिसली तर सुधारावी. सगळे यंत्र बंद पाडण्याची आज्ञासुद्धा कुणालाही देता येई; आणि ती अशी उघडी ठेवल्यामुळे ती देण्यात काही पुरुषार्थ उरला नाही. पुढे १९७७ च्या सुमारास शेजारच्या प्रयोगशाळेच्या यंत्रावर पासवर्ड आले, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने लोकांचे पासवर्ड उलगडून त्यांनाच कळवले आणि सुचवले की, पासवर्डऐवजी नुसते रिकामे ठेवा. अनेकांनी ते ऐकलेही. या माणसांविषयी मला आदर आहे. त्यांनी एकमेकांच्या कामात लपवण्यासारखे काही नाही, असे मानले आणि त्यांतून उत्तम काम उभे राहिले.

पण ते वाड्यातले उत्तर आहे. ज्या वाड्यात सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, तिथे दाराला कडी लागत नाही. कारण तिथे कडीचे काम ओळख करते. दूरच्या तारेने अनोळखी प्रवासी येऊ लागले की ती ओळख संपते. 'कुलूप नको' हे म्हणणे थोर आहे, पण त्याची पूर्वअट 'माणूस ठाऊक हवा' ही आहे. म्हणजे फिरून आपण नावापाशीच येतो.

दुसरा आक्षेप माझ्या मनात स्वतःहून आला आणि तो मला जास्त जड वाटतो. नावांच्या यादीचा आपल्या समाजाचा अनुभव चांगला नाही. कुणी कुठवर यावे याच्या याद्या आपल्या गावांनी शतकानुशतके तोंडपाठ ठेवल्या होत्या. विहीर कुणाची, देऊळ कुणाचे, पंगत कुणाची. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी आपले तळे खुले केले. म्हणजे आजच्या भाषेत परवानगीची नोंद बदलली. तरी पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले. तेव्हा 'नाव पाहून आत घ्या' असे कुणी म्हटले की ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांचा जीव दचकतो आणि तो दचकायलाच हवा.

पण नीट पाहिले तर गावाची यादी आणि मल्टिक्सची यादी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गावाच्या यादीत माणसाचे नाव नव्हतेच. त्याच्या जन्माचे नाव होते. ती कुणी लिहिली हे विचारायची सोय नव्हती आणि ती बदलायचा हक्क कुणाकडे होता हे कुणी सांगत नव्हते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, गावाने सार्वजनिक तळ्याला माजघराचा नियम लावला. मल्टिक्सवर काय, टॉप्स-२० वर काय, सर्वांच्या उपयोगाचे प्रोग्रॅम ज्या खोल्यांत असत त्या सर्वांना खुल्या असत. तिथे नावाचा प्रश्न दारात उभा राहत नसे. जे सर्वांचे ते सर्वांना खुले. जे एकाचे ते त्याच्या मर्जीने. आणि ही मर्जी कुणालाही वाचता येईल, मालकाला बदलता येईल अशा अक्षरांत लिहिलेली. आयटीएसच्या मंडळींनी माजघराचेही तळे केले, आपल्या पूर्वजांनी तळ्याचेही माजघर केले. पहिली चूक उदार आहे, दुसरी क्रूर आहे. पण तळे आणि माजघर यांतला फरक पुसणे दोहोंतही आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगून वर्तमानकाळाकडे वळतो. मल्टिक्सच्या कामातून बाहेर पडलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पुढे युनिक्स लिहिले. त्याच्या बाल्यावस्थेत एक गंमत झाली, ती रिचींनी लिहून ठेवली आहे. यंत्रात नवी सुधारणा केली: प्रत्येक आज्ञा पार पाडण्यासाठी मूळ प्रोग्रॅम स्वतःसारखाच एक तात्पुरता मदतनीस निर्माण करी, आणि काम झाले की तो मदतनीस नाहीसा होई. सुधारणा उत्तम, पण डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा मात्र अचानक चालेनाशी झाली. पुष्कळ डोके खाजवल्यावर उमगले: 'दुसऱ्या खोलीत जा' म्हटले की मदतनीस इमानेइतबारे दुसऱ्या खोलीत जातो आणि तिथेच विरून जातो, आज्ञा देणारा आपला जिथल्या तिथे! शेवटी ही एक आज्ञा मदतनिसाकडे न देता मूळ प्रोग्रॅमनेच पार पाडायची असे ठरले. जागा बदलायची तर स्वतः उठावे लागते. मूळ ग्रंथाऐवजी गाईड वाचून परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मित्रांनी या गोष्टीवर थोडे चिंतन करावे. गाईड लिहिणारा ग्रंथात जाऊन आलेला असतो. आपण वसतिगृहाच्या खाटेवरच असतो.

आता आजची गोष्ट. ती मोठी यंत्रे संग्रहालयांत गेली. पण खोल्या, दारे आणि किल्ल्या प्रत्येकाच्या आयुष्यात आल्या आहेत. तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज. अशा दुकानात टेबलावर एक वही असते. त्या वहीत ओळीने विद्यार्थ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि पुढे प्रत्येकाचा पासवर्ड. पुष्कळ वेळा पासवर्ड दुकानदारानेच ठरवलेला असतो आणि सर्वांना एकच असतो. दुकानदार लबाड असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो भला, गरजूंच्या उपयोगी पडणारा माणूस असतो. पण त्या खोलीत विद्यार्थिनीच्या वडिलांचे उत्पन्न आहे, तिचे बँक खाते आहे, तिचे गुण आहेत. आणि आत जो जातो, तो तिच्या नावाने जातो. उद्या अर्जात एक आकडा बदलला गेला तर यंत्र काय सांगेल? 'तुम्हीच बदललात.' कारण त्या यंत्राच्या लेखी खोली म्हणजेच माणूस. सीटीएसएसच्या त्या दुपारपासून आपण किती पुढे आलो?

केवळ दुकानांची गोष्ट नको. आपल्या नाट्यमंडळाचे, वाङ्मय मंडळाचे खाते पाच-सहा जणांत एकच पासवर्ड ठेवून चालवण्याची रीत सगळीकडेच आहे. कागद दुसऱ्याला दाखवायचा झाला तर 'ज्याच्याकडे लिंक आहे त्या कुणालाही' अशी सोय निवडून आपण मोकळे होतो. त्याच चौकटीत नावे लिहून परवानगी देण्याची, 'याने वाचावे, त्याने दुरुस्त करावे' असे सांगण्याची सोयही असते. मल्टिक्सच्या यादीचे ते थेट वारसच आहेत. पण नावे लिहायला दोन मिनिटे लागतात आणि लिंक पाठवायला दोन सेकंद. लिंक म्हणजे किल्लीच. ती कुठे फिरते आहे हे आपल्याला कधीच कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, आपल्या माणसांत कसला हिशेब? पासवर्ड मागितला आणि दिला नाही तर संशय घेतल्यासारखे दिसते.' हा भिडेचा प्रश्न आहे आणि मराठी माणसाची निम्मी गैरसोय भिडेपोटी होते. माझे म्हणणे उलट आहे. पासवर्ड देणे हा विश्वास नव्हे. पासवर्ड देताना आपण मित्राला त्याचे नाव बाहेर ठेवून आत बोलावतो. आत तो आपला मुखवटा घालून वावरतो. काही बिघडले तर आपण त्याच्यावर संशय घेतो आणि त्याच्याजवळ स्वतःला निर्दोष ठरवण्याचे साधन नसते, कारण आत तो नव्हताच, आत 'आपण' होतो! नाव लिहून परवानगी दिली तर तो स्वतःच्या नावाने येतो, स्वतःच्या नावाने काम करतो, केलेल्या कामाचे श्रेय त्याला मिळते आणि न केलेल्या चुकीचा आळ त्याच्यावर येत नाही. मित्राचा मान राखण्याची रीत यांपैकी कोणती?

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. मंडळाचे खाते असेल तर प्रत्येक सभासदाला त्याच्या नावाने प्रवेश द्यावा. एका पासवर्डावर सगळे मंडळ चालवू नये. जे सर्वांसाठी आहे, जसे वेळापत्रक, जुन्या प्रश्नपत्रिका, या वार्षिकांकाचे मागील अंक, ते कुणाचेही नाव न विचारता उघडे ठेवावे. त्याला उगाच माजघर करू नये. आणि पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःचा अर्ज स्वतः भरायला शिकवावे. त्याला दोन तास पुरतील. वरच्या वर्गातल्या आपण पाच-दहा जणांनी प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडले तर त्या वहीतल्या ओळी निम्म्याने कमी होतील. शेजारी बसून वाट दाखवावी. पण किल्ली ज्याची त्याच्याच हातात राहू द्यावी. आणि पासवर्ड निवडताना त्या विद्यार्थ्याने आपल्याला तोंड फिरवायला सांगितले, तर राग मानू नये. तो योग्य मार्गाला लागला असे समजावे.

विज्ञानशाखेच्या मित्रांना शेवटी एवढेच सांगतो की, त्यांच्या यंत्रांत आमच्या ओसऱ्या आणि माजघरे मला भेटली, म्हणून मी तिथे शिरलो. शिरलो तो माझ्याच नावाने. लेखाखाली ते छापलेले आहेच. काही चुकले असेल तर कुणाला धरायचे हा प्रश्न संपादकांना पडणार नाही.